मे महिन्यातली आखणी

लग्न होऊन मी रोह्याहून पेणजवळच्या हमरापूरला आले, तेव्हा सासरच्या कारखान्यात मला पहिलं काम मिळालं ते मुलांचे हात धुण्याचं. तसं ते कुणी सांगितलं नव्हतं, मीच अंगावर घेतलं. कारखाना म्हणजे घराला लागून असलेली पत्र्याची लांब शेड. आत फळ्यांवर गणपतींच्या रांगा आणि खाली मांडी घालून बसलेली आळीतली मुलं. कुणी पॉलिश पेपरने सोंड घासतंय, कुणी उंदराला राखाडी रंग देतंय, कुणी मोदक पिवळे करतंय. घरच्यांची मुलं, शेजाऱ्यांची मुलं, खाडीपलीकडच्या मिठागरवाल्यांची दोन-चार मुलं. संध्याकाळी सगळी थिनरच्या डब्यात बोटं बुडवून रंग काढायची आणि त्याच हातांनी भाकरी खायची. मी थिनरचा डबा उचलून माळ्यावर ठेवला आणि खोबरेल तेल, साबण आणि घासायला नारळाची किशी घेऊन नळापाशी बसले. तेल महाग पडतं म्हणून घरात आठवडाभर कुरबुर झाली. मग थांबली.

मुलांनी काम करू नये असं माझं म्हणणं कधीच नव्हतं. रोह्याला आम्ही भावंडं पाणी भरत होतो, दळण आणत होतो. वडील कंपनीत शिफ्टला जायचे, त्यांचा डबा गेटवर पोचवायचं काम माझ्याकडे होतं. पण शाळा चुकवायची तर निदान ताप तरी यावा लागे. हमरापूरला उलटं होतं. गणपती जवळ आले की शाळाच रिकामी व्हायची. मास्तर हजेरी घेताना नाव पुकारायचे आणि वर्गातलं एखादं पोरगं उत्तर द्यायचं, "तो पीतांबर रंगवतो, गुरुजी." मास्तरही स्थानिकच. ते मान हलवून पुढच्या नावाकडे वळायचे.

आमच्या घरातली सगळ्यात हुशार कारागीर होती माझी पुतणी, थोरल्या दिरांची मुलगी. गणपतीचं सगळं रंगकाम झालं की शेवटी डोळे काढतात. त्याला आखणी म्हणतात. भुवया, पापण्यांची रेघ, बुबुळ, आणि बुबुळात पांढरा ठिपका. हात हलला की देव तिरळा. एका लॉटला एकच हात लागतो, कारण व्यापाऱ्याला सगळ्या मूर्तींची नजर सारखी हवी असते. आधी ही आखणी भाऊजी स्वतः करायचे. मग एका वर्षी त्यांनी ब्रश मुलीच्या हातात दिला आणि सगळ्यांना सांगितलं, "पोरीचा हात बसलाय, माझ्यापेक्षा चांगला." खरंच चांगला होता. पण त्याचा परिणाम असा झाला की आषाढ-श्रावणात ती सकाळपासून दिवे लागेपर्यंत एका पाटावर वाकून बसायची. मान आखडायची, डोळे चोळायची, आणि चाचणी परीक्षेच्या रकान्यात तिच्या नावापुढे "गैरहजर" लागायचं.

माझ्या लग्नाच्या तिसऱ्या वर्षी तिची सातवीची परीक्षा तोंडावर आली. गावातली शाळा सातवीपर्यंत. आठवीला एसटीने पेणला जावं लागणार. भाऊजींनी निर्णय देऊन टाकला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे थोरला दीर धाकट्या भावजयीशी थेट बोलत नसे. एकाच खोलीत, समोरासमोर बसलेलो असलो तरी निरोप माझ्या नवऱ्यामार्फत जायचे. त्यामुळे घरातला प्रत्येक वाद दुप्पट वेळ चालायचा आणि नवऱ्याची मान दुखायची.

"तिला सांग," भाऊजी म्हणाले, "पोरीची शाळा बास झाली. आता कारखाना बघंल."

नवरा माझ्याकडे वळला. "दादा म्हणतो..."

"ऐकलं मी. त्यांना विचारा, आठवीला गेली तर हात काय पेणला विसरून येणार आहे का?"

नवरा तिकडे वळला. "ती म्हणते..."

"ऐकलं. तिला सांग, रोह्याची माणसं कंपनीच्या पगारावर जगतात. आमचं पोट भादव्यात भरतं. आखणी कोण करंल? ती?"

"त्यांना सांगा, मी केली तर गणपती लोकांना घाबरवतील. पण आखणी श्रावणातच का करायची? मे महिन्यात सुट्टी असते. तेव्हा करू दे की."

थोरल्या जाऊबाई तांदूळ निवडता निवडता थांबल्या. "काय बोलतंस गो?" त्या म्हणाल्या. "मे महिन्यात डोळं?"

त्यांचं आश्चर्य खरं होतं. डोळे शेवटी काढण्यामागे धुळीचं कारण होतंच, पण दुसरं कारण मोठं होतं. डोळे काढले की गणपती बघायला लागतो, असं आमच्याकडे मानतात. तोपर्यंत ती माती किंवा प्लास्टर. तिला आडवी ठेवा, उलटी ठेवा, पाठीला पाठ लावून रचा. डोळे उघडल्यावर ते चालत नाही. म्हणून माल निघायच्या तोंडावर आखणी, आणि मग लगेच व्यापाऱ्याच्या टेम्पोत. आमचा जवळजवळ सगळा माल रोह्याच्या एकाच व्यापाऱ्याकडे जायचा.

भाऊजींनी तंबाखू मळली. मला वाटतं, हे होणं शक्य नाही अशी त्यांची खात्री होती, म्हणूनच ते उदार झाले. "तिला सांग, शाळा उघडायच्या आधी रोह्याच्या व्यापाऱ्याच्या अख्ख्या लॉटाची आखणी झाली, तर पोर आठवीला जाईल. नाय झाली तर नाय."

"त्यांना सांगा, ठरलं."

नवरा म्हणाला, "मी आता चहा पिऊ का?"

त्या चैत्रात आमचा कारखाना जसा पळाला तसा कधी पळाला नव्हता. आखणी आधी हवी तर त्याच्या आधीचं सगळं त्याहून आधी हवं. नवऱ्याने साच्यांमागे रात्रीची झोप घालवली, जाऊबाई एरवी ब्रशला हात लावत नसत त्या मुकुट रंगवायला बसल्या. परीक्षा संपताच पुतणी पाटावर बसली. मी तिला दोनच अटी घातल्या. काम फक्त सकाळी, उन्हं चढेपर्यंत. आणि मधे उठून अंगण एकदा फिरून यायचं. पहिल्या दिवशी ती वैतागली. "काकू, लय लागली असताना उठवतेस गो!" पण मान दुखली नाही हे तिच्या लक्षात आलं आणि मग ती आपणहून उठायला लागली. उठली की शेजारच्या चिंचेवर चढायची. तेही चांगलंच होतं.

मे महिन्याच्या मध्यावर फळ्यांवरचे निम्मे गणपती बघायला लागले. आणि मग कारखान्याची पंचाईत झाली.

शेडमध्ये इतके दिवस काय काय चालायचं! कारागिरांच्या तोंडी शिव्या, कोपऱ्यात तंबाखूच्या पिचकाऱ्या, बिड्या. आता मान वर केली की गणपतींची रांगच्या रांग टक लावून बघतेय. एकाने बिडी काढली, पेटवली, वर बघितलं आणि विझवून कानावर ठेवली. दुसऱ्याच्या पायावर प्लास्टरची गोणी पडली. तो तोंड उघडून "आईच्..." इथपर्यंत आला आणि "...आई गं" म्हणून थांबला. पोरं तोंड दाबून हसली.

सगळ्यात जास्त कोंडमारा भाऊजींचा झाला. मुलांनी चूक केली की ब्रशची दांडी बोटांच्या पेरांवर मारायची त्यांची सवय होती. फार जोरात नाही असं ते म्हणायचे. मुलं वेगळं म्हणायची. मी यावर दोनदा नवऱ्यामार्फत बोलले होते, उपयोग शून्य. त्या मे महिन्यात मिठागरावरच्या एका पोराने निळ्या रंगाचं अख्खं मडकं सांडलं. भाऊजी दांडी घेऊन उठले, हात वर गेला. पोराने बोटं मुठीत लपवली आणि म्हणाला, "काका, ते समदे बघतात."

भाऊजींनी फळीकडे बघितलं. हात वरच राहिला. मग त्याच दांडीने त्यांनी स्वतःची पाठ खाजवली आणि ते बाहेर निघून गेले.

मी हसू दाबायला भिंतीकडे तोंड केलं. जाऊबाईंनी मात्र उघड हसून घेतलं. "इतकी वर्सं मी सांगून थकले," त्या म्हणाल्या. "देवानं नुसतं बघितलं तर हे ऐकतायत."

आखणी मेच्या शेवटी पूर्ण झाली. शेवटच्या मूर्तीचा पांढरा ठिपका देऊन पुतणीने ब्रश धुतला आणि बाबांसमोर कोरडा करून ठेवला. दुसऱ्याच दिवशी भाऊजींनी नवऱ्याला गणवेशाचं कापड आणायला पेणला पाठवलं. शब्दाला ते पक्के होते. मी आंबे खायला माहेरी रोह्याला गेले.

आठ-दहा दिवसांनी गावाजवळच्या जिते स्टेशनवर उतरून घरी आले आणि शेडमध्ये डोकावले, तर मोतीबिंदूच्या शिबिरात आल्यासारखं वाटलं. अख्ख्या लॉटाच्या डोळ्यांवर वर्तमानपत्राच्या पट्ट्या. खाली कारागीर बिड्या ओढत मजेत शिव्या देतायत.

"धूळ बसत व्हती," नवरा म्हणाला. "दादाने झाकून घेतलं."

"धूळ बसत होती की दादांना बसवत नव्हतं?"

नवऱ्याने तो निरोप पोचवला नाही.

शाळा सुरू झाली. पुतणी निळा स्कर्ट घालून, दोन वेण्या घालून एसटीने पेणला जाऊ लागली. संध्याकाळी येऊन सांगायची, काकू, तिथे प्रयोगशाळा हाय. काकू, बेडकाचा सांगाडा हाय. काकू, माझ्या बाकावरची पोरगी इंग्लिशमध्ये शिंकते. मला हे सगळं ऐकायला आवडायचं. मी भाकऱ्या थापत ऐकत असे.

आषाढ अर्धा झाला आणि रोह्याच्या व्यापाऱ्याचा निरोप आला की माल बघायला येतो. भाऊजींनी एका गणपतीची पट्टी ओढली. ती निघाली. डोळेही निघाले.

झालं होतं असं. पट्ट्या वाऱ्याने उडतात म्हणून त्यांनी गव्हाच्या पिठाची खळ करून त्या पक्क्या चिकटवल्या होत्या. आखणीचा रंग पाण्यातला. पावसाळी हवेत खळ ओली झाली, रंग सुटला आणि कागदाला जाऊन बसला. आम्ही एकेक पट्टी सोडवत गेलो. गणपतींची तोंडं कोरी. वर्तमानपत्राच्या तुकड्यांवर मात्र पुतणीने काढलेले सुंदर डोळे, कांद्याच्या बाजारभावातून आमच्याकडे बघत होते.

जाऊबाई पट्ट्या गोळा करायला लागल्या. कारागीर एकेक करून बाहेर सटकले. पुतणी नुकतीच शाळेतून आली होती, दप्तर खांद्यावरच होतं. तिने एक पट्टी उचलली, उजेडात धरली आणि खाली ठेवली.

भाऊजी म्हणाले, "तिला सांग, उद्यापासून पोर घरी. व्यापारी यायच्या आत पुन्हा आखणी व्हायला पायजे. एकदा घरी बसली की मग बसली, उगाच दोन दगडांवर पाय नको."

पुतणीने माझ्याकडे बघितलं. रडली वगैरे नाही. नुसतं बघितलं, आणि दप्तराचा पट्टा घट्ट धरला.

"त्यांना सांगा," मी म्हणाले, "ठरल्याप्रमाणे आखणी झाली होती. डोळे त्यांनी झाकले. आता त्यांनीच उघडावेत. आखणी त्यांची कला आहे, पोरीने त्यांच्याकडूनच उचलली."

"तिला सांग, माझा हात आता बसत नाय."

"बसवून बघा म्हणावं. नाही बसला तर पोर उद्या घरी."

भाऊजींनी पाट ओढला. बारीक ब्रश घेतला. एक गणपती मांडीवर घेतला, बघितलं, डोळे बारीक केले. मग मूर्ती थोडी लांब धरली. मग आणखी लांब. मग हात पूर्ण ताणला. आता मूर्ती त्यांना दिसत असावी, पण एका हाताने ती पेलवेना. त्यांनी ती समोरच्या स्टुलावर ठेवली आणि मागे रेलले. आता ब्रश पोचेना.

"ब्रश आखूड हाय," ते म्हणाले.

पुतणीने लांब दांडीचा ब्रश आणून दिला. भाऊजी त्या ब्रशने, खाडीत गळ टाकावा तसे, दुरून गणपतीच्या भुवईचा अंदाज घेऊ लागले. पहिली रेघ थेट कानाकडे गेली.

माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं. रोह्याला माझे वडील चाळिशीनंतर वर्तमानपत्र असंच, हात संपेपर्यंत लांब धरायचे. आईने शेवटी त्यांना विचारलं होतं, पुढचा हात बाजारातून आणू का?

"भाऊजी," मी म्हणाले. नवऱ्याची वाट न बघता, थेट. "तुम्हाला जवळचं दिसत नाही."

भाऊजींनी माझ्याकडे न बघता नवऱ्याला सांगितलं, "तिला सांग, माझी नजर घारीची हाय. फाट्यावरची एसटीची पाटी हितनं वाचतो."

"लांबचं वाचाल. जवळचं?" मी कांद्याच्या भावाची एक पट्टी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी मान मागे नेली, आणखी मागे नेली, डोकं खांबावर आपटलं.

जाऊबाई हळूच म्हणाल्या, "म्हणून काय हो तुम्ही पोरीच्या हातात ब्रश दिलात?"

भाऊजींनी आपटलेलं डोकं चोळलं. मग म्हणाले, "चष्मेवाल्याच्या हातची आखणी कोण घेतो? बाजारात समजलं असतं तर गिऱ्हाईक दुसऱ्या कारखान्यात गेलं असतं."

म्हणजे पोरीची शाळा दोन वर्षं बुडत होती ती गरिबीपायी नाही, परंपरेपायी नाही, तर चाळिशीपायी. मला राग यायला हवा होता. हसूच आलं.

दुसऱ्या दिवशी पुतणी एसटीने शाळेला गेली आणि तिच्या मागच्या गाडीने आम्ही तिघं पेणला. चष्म्याचं दुकान स्टँडजवळच होतं, पण तिथे दुसरे कारखानदार भेटतील म्हणून भाऊजींनी आम्हाला मागच्या गल्ल्यांतून लांबचा फेरा मारून नेलं. नवरा त्यांना दुकानात सोडून चहा प्यायला जो गेला तो परत येईना. मला वाटतं मुद्दामच. दुकानदाराने भाऊजींच्या नाकावर डोळे तपासायची ती जड लोखंडी फ्रेम चढवली, भिंगं बदलली, आणि हातात छापील कागद दिला. भाऊजी वाचू लागले. आधी पुटपुटत, मग मोठ्याने, मग इतक्या मोठ्याने की रस्त्यावरची माणसं थांबली. कागद संपला तेव्हा त्यांनी दुकानदाराची बिलाच्या पुस्तकावरची बारीक अक्षरंही वाचून काढली.

मग इकडे-तिकडे बघितलं. नवरा नव्हताच. नाइलाजाने ते मला म्हणाले, "काळ्या काडीचा घेऊ की सोनेरी?"

आमच्या लग्नानंतर त्यांनी माझ्याशी थेट बोललेलं ते पहिलं वाक्य. मी म्हणाले, "काळा घ्या. सोनेरी आपल्याकडे खूप आहे."

त्या संध्याकाळी ते काळा चष्मा लावून पाटावर बसले. पहिल्या दोन मूर्ती पुसाव्या लागल्या, तिसरी जमली. पुतणी शाळेतून आली, दप्तर ठेवलं आणि बाबांच्या खांद्यावरून वाकून बघू लागली.

"डावा डोळा मोठा झालाय, बाबा."

"कुठं?"

तिने बोट पुढे केलं. भाऊजी डोळ्याकडे बघायचे सोडून बोटाकडेच बघत राहिले. तिचा हात त्यांनी चष्म्याजवळ नेला. बोटांच्या बेचक्यांत कातडी फाटून पांढरट झाली होती. थिनर मी बंद केलं होतं, पण आधीच्या वर्षांचं ते मागे राहिलं होतंच.

"हे कशानं?"

"ते कधीपासूनचं हाय, बाबा. आता दुखत नाय."

भाऊजींनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला. मग म्हणाले, "जा, अभ्यास कर. डाव्या डोळ्याचं मी बघतो."

ती जाईना. खरं सांगायचं तर तिला वाईटच वाटत होतं. आखणी तिची होती, तिला ती आवडत होती, आणि ती काढून घेतल्यासारखं झालं होतं. शेवटी असं ठरलं की रविवारी सकाळी ती गावातल्या घरगुती मूर्तींना बसेल, तेही तिला वाटलं तर. त्या रविवारी ती बसली. पुढच्या रविवारी बाकावरच्या मैत्रिणीकडे गेली.

व्यापारी आला. एक मूर्ती उचलली, फिरवली. "या वर्षी नजर जरा वेगळी वाटते."

"व्हय," भाऊजी म्हणाले. "चष्मा लागला."

"गणपतीला?"

"मला." आणि त्यांनी खिशातून काढून सगळ्यांदेखत नाकावर चढवला. व्यापाऱ्याने माल उचलला. तो स्वतःच चष्मा लावायचा, त्याला काय! त्या दिवाळीपर्यंत आमच्या आळीतल्या आणखी तीन कारखानदारांच्या नाकावर चष्मे आले आणि त्यांतल्या एकाच्या घरची दोन मुलं पाटावरून उठली. बाकीच्यांची उठायला अजून वेळ लागला. काहींची उठलीच नाहीत, तेही खरं आहे.

गणपती विसर्जन झाल्यावर पुतणीच्या पहिल्या चाचणीचे गुण आले. सगळे विषय बरे होते. गणित लाल. सकाळी शाळेला निघायच्या आधी ती गुणांचा कागद घेऊन स्वयंपाकघरात माझ्यामागे उभी राहिली.

"काकू, बाबा आता शाळा बंद करतील गो?"

मी काही बोलायच्या आत भाऊजी आत आले. त्यांनी कागद घेतला, चष्मा लावला, वरून खाली वाचला, खालून वर वाचला. जाऊबाई देवाला हात जोडून उभ्या. मीही परातीतला हात थांबवला.

"ही तर सगळ्या पेपरांना हजर व्हती," ते म्हणाले.

"व्हय बाबा."

"मग नापास कशी?"

"कठीण व्हता पेपर."

भाऊजींनी कागदाची घडी केली, सदरा झटकला, चपला पायात सरकवल्या. "मास्तरलाच विचारून येतो, पोरांना एवढं कठीण काढतात कशाला. आणि शिकवणी लावायची तर कुठे, तेही विचारतो. गाडी किती वाजता हाय?"

"काकू!" पुतणी किंचाळली. "थांबव त्यांना गो! सरळ वर्गात येतील ते, सगळ्या पोरींसमोर!"

ते तोवर फाट्याकडे निघालेही होते. मी काही त्यांना थांबवलं नाही. माझ्या तव्यावर भाकरी होती.